दाराची कबर : पुरावा आणि प्रतीक

२०२० सालाच्या आरंभी केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाने पुरातत्त्वज्ञांची सात सदस्यांची एक समिती नेमली आणि तिच्यावर एक वेगळेच काम सोपविले. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्यात शंभराहून अधिक थडगी आहेत. त्यांपैकी शहाजहानचा ज्येष्ठ पुत्र दारा शुकोह याचे थडगे नेमके कोणते, हे तिने ठरवावयाचे होते. मुदत होती तीन महिन्यांची. तीनशे साठ वर्षे अनिर्णित राहिलेला प्रश्न तीन महिन्यांत निकालात निघावा, ही अपेक्षा सरकारी रिवाजास धरूनच म्हटली पाहिजे. त्यानंतर पाच वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, याच दाराच्या धाकट्या भावाची खुलताबादेतील कबर उखडून टाकावी या मागणीने महाराष्ट्र ढवळून निघाला. १७ मार्चला नागपुरात दंगल उसळली आणि शहराच्या काही भागांत संचारबंदी पुकारावी लागली. एका भावाची कबर सापडत नाही म्हणून शोधावयाची आणि दुसऱ्याची ठाऊक आहे म्हणून खणावयाची, असे हे त्रांगडे आहे. वरकरणी या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. परंतु मृताच्या हाडांकडून जिवंतांच्या वादाचा निकाल मिळविता येतो, ही समजूत दोहोंच्या मुळाशी सारखीच आहे.

दाराची कबर शोधू नये, असे कोणताही इतिहासप्रेमी म्हणणार नाही. ज्या राजपुत्राने उपनिषदे फारसीत आणली, त्याची शेवटची जागा ठाऊक असावी ही इच्छा स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो शोध लागला असे केव्हा म्हणावे हा. शोधणाऱ्याला काय सापडावयास हवे हे आधीच ठाऊक असते, तेव्हा पुराव्याची कसोटी नेहमीपेक्षा अधिक कठोर ठेवावी लागते. दाराच्या बाबतीत सरकारला, वर्तमानपत्रांना आणि वाचकांनाही काहीतरी सापडावयास हवे आहे.

दाराचा शेवट कसा झाला हे शाळकरी मुलांनाही ठोकळमानाने ठाऊक असते. मे १६५८ मध्ये आग्र्याजवळ समूगढ येथे त्याचा मोड झाला. पुढल्या वर्षी मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या खिंडीत तो पुन्हा हरला. तेथून गुजरात, कच्छ, सिंध असा पळ काढीत तो बोलन खिंडीच्या वाटेवरील ढाढर येथे पोहोचला. तेथला जमीनदार मलिक जीवन हा त्याचा ऋणाईत होता; शहाजहानने फर्माविलेल्या देहदंडातून दारानेच त्याला एकदा सोडविले होते. वाटेतच दाराची पत्नी नादिरा बानू मरण पावली. आपले दफन हिंदुस्थानच्या भूमीत व्हावे, अशी तिची इच्छा होती. दाराने उरल्यासुरल्या विश्वासू शिपायांपैकी बहुतेकांना तिच्या शवाबरोबर लाहोरला मियां मीर यांच्या दर्ग्याकडे रवाना केले आणि स्वतः जवळजवळ निःशस्त्र राहिला. दोनतीन दिवसांतच मलिक जीवनने त्याला पकडून औरंगजेबाच्या सरदारांच्या हवाली केले. बायकोच्या कबरीसाठी ज्याने आपला अखेरचा पहारा देऊन टाकला, त्याच्या स्वतःच्या कबरीवर मात्र नाव नाही. लाहोरला नादिरा बानूचा मकबरा आजही दाखविता येतो.

ऑगस्ट १६५९ च्या अखेरीस दाराची दिल्लीतून धिंड काढण्यात आली. मळकट हत्तिणीवर उघड्या हौद्यात तो आणि त्याचा पोरसवदा मुलगा सिपिहर शुकोह यांना बसविले होते. अंगावर जाडेभरडे कपडे होते. फ्रेंच वैद्य बर्नियर त्या वेळी बाजारात घोड्यावर बसून हे दृश्य पाहत होता. काही महिन्यांपूर्वीच अहमदाबादजवळ पळत्या दाराशी त्याची गाठ पडली होती आणि नादिरा बानूच्या पायावर त्याने उपचारही केले होते. लोक धाय मोकलून रडत होते, पण तलवार उपसावयास कोणी पुढे झाला नाही, असे तो नोंदवितो. एका फकिराने दाराला हाक मारून आज तू मला काही देऊ शकणार नाहीस असे म्हटले, तेव्हा दाराने खांद्यावरची जुनी शाल काढून त्याच्याकडे फेकली, ही हकीकत दिल्लीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी मलिक जीवन दरबारी पदवी मिरवीत शहरातून निघाला, तेव्हा मात्र याच लोकांनी त्याच्यावर दगड, चिखल आणि घाण यांचा वर्षाव केला. शहराचा हा रंग पाहून औरंगजेबाने विलंब केला नाही. ३० ऑगस्टच्या रात्री दाराचा शिरच्छेद झाला. धर्मभ्रष्टतेचा ठपका ठेवून मौलवींचा निर्वाळा आधीच मिळविलेला होता. त्याच्या अंगठीवर नागरीत ‘प्रभु’ असे कोरलेले होते, हाही त्या आरोपातील एक मुद्दा. मृत्यूसमयी तो चव्वेचाळीस वर्षांचा होता.

येथवर साधनांत फारसा मतभेद नाही. मतभेद सुरू होतो तो दफनापासून, आणि दंतकथेचा प्रवेशही तेथेच होतो.

औरंगजेबाच्या कारकीर्दीच्या पहिल्या दहा वर्षांचा अधिकृत इतिहास म्हणजे मुहम्मद काझिमचा ‘आलमगीरनामा’. त्यात असे सांगितले आहे की, दाराचे शव हुमायूनच्या मकबऱ्यात नेऊन घुमटाखालील तळघरात, जेथे अकबराचे पुत्र मुराद आणि दानियाल यांचे दफन झाले आहे तेथे, पुरण्यात आले. बर्नियरच्या सांगण्याप्रमाणे औरंगजेबाने दाराचे शिर तबकात मागवून, धुवून, ओळख पटवून घेतली आणि ते हुमायूनच्या मकबऱ्यात पुरावयाची आज्ञा दिली. तिसरा साक्षीदार व्हेनिसचा निकोलाव मनुची. पुरंदरच्या तहाच्या वेळी मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत शिवाजी महाराजांना भेटलेला हाच मनुची. तो म्हणतो की, धड दिल्लीत राहिले. शिर मात्र पेटीत बंद करून आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या शहाजहानकडे जेवणाच्या वेळी नजराणा म्हणून धाडण्यात आले. म्हाताऱ्याने पेटी उघडली आणि तो शुद्ध हरपून पडला. पुढे हे शिर ताजमहालात मुमताजच्या सान्निध्यात पुरले गेले. पत्नीच्या समाधीकडे पाहताना लाडक्या मुलाचे शिरही तेथेच कुजत आहे याची आठवण शहाजहानला सतत व्हावी, हा त्यामागील हेतू.

मनुचीची ही कथा दिल्ली-आग्र्याच्या लोककथेत रुजली यात नवल नाही. तिच्यात नाट्य आहे, बापाचे दुःख आहे आणि खलनायकाचे क्रौर्य परिपूर्ण आहे. परंतु शहाजहानच्या भोजनप्रसंगी मनुची आग्र्याच्या अंतःपुरात असण्याचा संभव नव्हता. त्याने ग्रंथ रचला तो चाळीसएक वर्षांनंतर, दक्षिणेत बसून. तरुणपणी दाराच्या तोफखान्यात त्याने चाकरी केली होती आणि त्या धन्याविषयीचे प्रेम त्याच्या लेखणीत अखेरपर्यंत टिकले. आठवण आणि ऐकीव यांची सरमिसळ त्याच्या ग्रंथात जागोजागी आहे. उलट ‘आलमगीरनामा’ हा दरबारी भाटगिरीचा नमुना असला, तरी या एका मुद्द्यावर त्याला खोटे बोलण्याचे कारण दिसत नाही. धन्याच्या शत्रूला बाबर-हुमायूनच्या वंशजांबरोबर जागा मिळाली, हे सांगण्याने औरंगजेबाची थोरवी वाढत नाही आणि घटतही नाही. ज्या तपशिलात लेखकाचा काही स्वार्थ नाही तो तपशील त्याने सहज लिहून ठेवला असेल, तर तो विश्वासार्ह मानावा, हा साधनचिकित्सेचा साधा नियम आहे. राजवाड्यांपासून सेतुमाधवराव पगडींपर्यंत ज्यांनी मराठी वाचकाला कागदपत्रे वाचावयास शिकविले, त्यांच्या वाचकाला तरी तो समजावून सांगावयास नको.

तेव्हा इमारतीपुरता प्रश्न सुटलेलाच होता आणि त्यासाठी समितीची गरज नव्हती. गरज भासली ती इमारतीच्या आत.

हुमायूनचा मकबरा त्याची पत्नी हाजी बेगम हिच्या पुढाकाराने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधला गेला आणि हळूहळू तो तैमूर घराण्याची स्मशानभूमी बनला. चौथऱ्यावर, मुख्य घुमटाभोवतीच्या दालनांत आणि चौथऱ्याच्या पोटातील कमानींत थडग्यांच्या ओळी आहेत. फर्रुखसियर, जहाँदारशहा, दुसरा आलमगीर असे मारले गेलेले बादशहा येथेच विसावले. बहुतेक थडग्यांवर नाव नाही. शिवाय वर दिसणारे थडगे हे केवळ खुणेचे असते. प्रत्यक्ष दफन खाली तळघरात होते. पुरुषाच्या थडग्यावर कलमदानासारखा उंचवटा आणि स्त्रीच्या थडग्यावर सपाट पाटी, एवढा भेद दगड सांगतो. त्यापलीकडे तो मुका आहे. साहजिकच वाटाडे आपापल्या समजुतीप्रमाणे निरनिराळ्या थडग्यांकडे बोट दाखवीत आले.

या मुक्या दगडांतून वाट काढण्याचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न कोणा विद्यापीठातून झाला नाही. तो केला दिल्लीतील एका महापालिकेच्या अभियंत्याने. ‘आलमगीरनाम्या’तील उल्लेख हाती धरून त्याने काही वर्षे मकबऱ्याच्या चकरा मारल्या आणि एका दालनातील तीन पुरुषांच्या थडग्यांवर लक्ष केंद्रित केले. त्यांपैकी दोघांची घडण अकबरकालीन आणि तिसऱ्याची शहाजहानच्या काळातील शैलीशी जुळणारी आहे. म्हणून पहिली दोन मुराद व दानियाल यांची आणि तिसरे दाराचे, असा त्याचा युक्तिवाद. समितीतील बऱ्याच सदस्यांना तो ग्राह्य वाटला. कचेरीचे काम सांभाळून फारसी ग्रंथाच्या एका ओळीचा पाठपुरावा करणाऱ्या या गृहस्थाचे कौतुकच केले पाहिजे. अशा हौशी माणसांनी आपल्याकडेही ताम्रपट आणि बखरी वाचविल्या आहेत.

या ओळीत महाराष्ट्राचाही एक धागा आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दाराचे जे शेजारी ‘आलमगीरनामा’ सांगतो ते दोघेही दख्खनने मारलेले राजपुत्र. १५९६ साली ज्याच्या वेढ्यापुढे चांदबिबीने अहमदनगर राखले तो हा मुराद. मे १५९९ मध्ये पूर्णेच्या काठी, मद्यपानाने शरीर पोखरून, तो मेला. त्याचे शव प्रथम बाळापूरजवळ त्यानेच वसविलेल्या शहापुरास पुरण्यात आले आणि नंतर दिल्लीस हलविण्यात आले. दानियालने १६०० साली अहमदनगर घेतले आणि १६०५ साली बुऱ्हाणपुरास तोही दारूनेच संपला. मुरादच्या शवाचा हा प्रवास लक्षात घेतला म्हणजे मोगलांच्या दृष्टीने हुमायूनच्या मकबऱ्याचे स्थान काय होते ते कळते. घराण्यातील माणूस कोठेही मरो, जमल्यास त्याला येथे आणावयाचे. औरंगजेबाने भावाचे शिर उतरविले, पण या नियमाच्या बाहेर त्याला टाकले नाही. त्याने नाकारले ते नाव.

आता युक्तिवादाची दुसरी बाजू. तीन थडगी एकत्र आहेत आणि त्यांच्या घडणीत फरक आहे, एवढ्यावरून नावे ठरत नाहीत. शैलीवरून काळ सांगता येतो तो दशकांच्या हिशेबाने. शहाजहानच्या काळात वा त्यानंतर थोड्याच अवधीत मेलेल्या कोणाही राजपुत्राचे थडगे त्या शैलीचे असू शकते. ग्रंथ तळघराविषयी बोलतो आणि पाहणी झाली ती वरच्या खुणेच्या थडग्यांची. वरची मांडणी खालच्या दफनाशी तंतोतंत जुळते, हे गृहीत आहे. त्यातच या वास्तूने फार हाल सोसले आहेत. १६११ साली विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने हुमायूनच्या थडग्यापाशी गालिचे, कुराण, बादशहाची तलवार, पागोटे आणि जोडे पाहिले होते. त्यांतले काहीही राहिले नाही. सप्टेंबर १८५७ मध्ये शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर येथेच कॅप्टन हॉडसनच्या हाती पडला, तर १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी या बागेत निर्वासितांच्या छावण्या पडल्या. एवढ्या उलथापालथीत एखादा दगड हलला नसेल, फुटून बदलला गेला नसेल, असे छातीठोकपणे कोण सांगेल? अभियंत्याचा निष्कर्ष संभवनीय आहे. कदाचित आजवरच्या तर्कांत तो सर्वांत संभवनीय असेल. पण संभव आणि सिद्धता यांच्यातील अंतर सरकारी शिक्क्याने भरून निघत नाही.

ते अंतर कसे भरून निघते याचे एक उदाहरण इंग्लंडात घडले आहे. राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला आणि लेस्टर गावातील फ्रान्सिस्कन मठात त्याला घाईघाईने पुरण्यात आले. पुढे मठ मोडला, तेव्हा जमावाने त्याची हाडे उकरून सोअर नदीत फेकली, अशी आख्यायिका पसरली. गावकऱ्यांचा तिच्यावर इतका विश्वास की, १८५६ साली नदीवरच्या पुलाजवळ राजाचे अवशेष येथे जवळच आहेत अशी दगडी पाटीही बसली. २०१२ साली मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली, जुन्या मठाच्या अवशेषांत, एक सांगाडा मिळाला. जुन्या इतिहासकारांनी सांगितलेल्या ठिकाणीच तो होता. पाठीच्या कण्याला बाक होता. कवटीवर शस्त्रांचे घाव होते. हाडांचा काळ प्रयोगशाळेत तपासला गेला आणि राजाच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी आईकडून येणारी आनुवंशिक द्रव्ये जुळली. एवढी साखळी पूर्ण झाल्यावरच फेब्रुवारी २०१३ मध्ये नाव जाहीर झाले. दंतकथा खोटी ठरली आणि तिच्यासाठी बसविलेली पाटी दीडशे वर्षे चुकीची माहिती देत राहिली, हे उघड झाले.

दाराच्या बाबतीत अशी तपासणी होणे अवघड आहे, आणि ती करू नये असे म्हणणाऱ्यांची बाजूही दुर्बळ नाही. दफन झालेल्या देहास हात लावणे मुस्लिम श्रद्धेला सहजासहजी मानवणारे नाही. शिवाय हुमायूनचा मकबरा ही १९९३ पासून जागतिक वारसा म्हणून मान्यता पावलेली वास्तू आहे. मनुचीच्या गोष्टीचा पडताळा पाहावयाचा म्हणून ताजमहाल खणावा, असे तर कोणी सुज्ञ मनुष्य सुचविणार नाही. मग उरतो तो कागद आणि दगड यांचा मेळ. तो घालताना जेवढे कळले तेवढेच सांगावे लागेल.

निनावी कबरीचे आणखी एक उदाहरण याच घराण्यातले आहे. हुमायूनच्या मकबऱ्यातून ज्याला नेले तो बहादूरशहा ७ नोव्हेंबर १८६२ रोजी रंगूनला कैदेत मरण पावला. इंग्रजांनी त्याच दिवशी पहाऱ्याच्या आवारात त्याला पुरले आणि जमीन सारखी करून वर हिरवळ वाढू दिली, जेणेकरून जागेचा मागमूस राहू नये. औरंगजेबाला दाराविषयी जे वाटले तेच कंपनीच्या वारसांना जफरविषयी वाटले: कबरीला नाव मिळाले की तिथे माणसे जमतात. पुढे रंगूनच्या मुसलमानांच्या मागणीवरून १९०७ साली तेथे एक शिळा बसविण्यात आली, पण तिच्यावर बादशहा या जागेच्या जवळपास पुरला गेला एवढेच लिहिले. १९९१ मध्ये गटारासाठी खोदकाम करताना खरी कबर थोड्याच अंतरावर सापडली. रंगूनची शिळा लेस्टरच्या पाटीप्रमाणे पुढे खोटी ठरली नाही, याचे श्रेय तिच्यामागच्या कागदपत्रांना आणि तिच्यावरच्या ‘जवळपास’ या शब्दाला आहे.

दिल्लीने दाराची उपेक्षा केली असे म्हटले जाते, ते अर्धेच खरे. जामा मशिदीच्या पूर्वेकडील पायऱ्यांशी लाल रंगात रंगविलेला एक छोटा दर्गा आहे. तेथे सरमद निजला आहे. हा दिगंबर फकीर दाराचा स्नेही. दाराच्या वधानंतर दीडदोन वर्षांत त्याचाही शिरच्छेद झाला. लोक सांगतात की, तू दाराला तख्त मिळेल असे म्हणाला होतास त्याचे काय झाले, असे औरंगजेबाने खोचकपणे विचारले, तेव्हा दाराला अक्षय राज्य मिळाले असे सरमद उत्तरला. आणि मान उडाल्यावर स्वतःचे शिर हाती घेऊन तो मशिदीच्या पायऱ्या चढू लागला. इतिहास म्हणून या कथेची किंमत शून्य आहे. परंतु ज्या राजपुत्राच्या कबरीवर फूल वाहण्याची सोय नव्हती त्याच्या वाट्याचे फूल लोकांनी त्याच्या मित्राच्या कबरीवर वाहिले, असा तिचा अर्थ लावता येतो. रात्री त्या दर्ग्यात दिवा लावणाऱ्याला समितीच्या अहवालाची प्रतीक्षा नव्हती.

लोकांनी दाराचे जे केले ते दुःखातून केले. राज्यकर्ते जे करू पाहत आहेत त्याची प्रेरणा वेगळी आहे. २०१५ मध्ये नवी दिल्लीतील औरंगजेब मार्गाला डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव मिळाले. २०१७ मध्ये डलहौसी मार्ग दारा शिकोह मार्ग झाला. (फारसीत ‘शुकोह’ म्हणजे वैभव आणि ‘शिकोह’ म्हणजे धाक, बिचाऱ्याच्या नावाची पाटीही बिनचूक लागली नाही.) चांगला मुसलमान दारा आणि वाईट मुसलमान औरंगजेब अशी जोडी व्यासपीठांवरून मांडली जाऊ लागली. कबरीचा शोध या वातावरणात सुरू झाला. केवळ म्हणून तो शोध खोटा ठरत नाही, हे न्यायाने म्हटले पाहिजे. चांगली संशोधने कधीकधी संशयास्पद हेतूंतूनही निघतात. पण ज्याला प्रतीक हवे असते त्याला माणूस अडचणीचा होतो.

दारा हा माणूस म्हणून बराच गुंतागुंतीचा होता. १६५३ साली कंदाहारच्या वेढ्यात तो सपशेल अपयशी ठरला. सरदारांना तो तुच्छ लेखी, आणि समूगढच्या रणात त्याची किंमत त्याला मोजावी लागली. तो गादीवर बसता तर हिंदुस्थानचा इतिहास पालटता, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की तोही मोगल साम्राज्याचाच वारस होता आणि साम्राज्य सोडून देण्याचा त्याचा विचार असल्याचे कोठे दिसत नाही. दक्षिणेचा प्रश्न त्याच्यापुढेही उभा राहिलाच असता. दिल्लीतील भाऊबंदकीने महाराष्ट्राला मिळवून दिली ती सवड. औरंगजेब १६५८ च्या सुरुवातीला तख्तासाठी उत्तरेकडे निघाला, आणि दाराचा वध होऊन अडीच महिने होतात न होतात तोच, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला.

त्याचे खरे कर्तृत्व कागदावरचे आहे. ‘मज्म-उल-बहरैन’ या ग्रंथात त्याने सूफी आणि वेदान्ती परिभाषा समोरासमोर ठेवल्या. ‘समुद्रसंगम’ या नावाने त्याचे संस्कृत रूपही झाले. १६५७ साली, म्हणजे वारसायुद्धाच्या उंबरठ्यावर, काशीच्या पंडितांच्या साह्याने त्याने पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर ‘सिर्र-इ-अकबर’ पुरे केले. कुराणात ज्या गुप्त ग्रंथाचा उल्लेख आहे तो म्हणजे उपनिषदेच, असे त्याचे धाडसी प्रतिपादन होते. याच फारसी प्रतीवरून आंक्तील द्यूपेराँ या फ्रेंच पंडिताने लॅटिन भाषांतर केले, ते १८०१-०२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि शोपेनहौअरच्या हाती पडले. उपनिषदे युरोपला प्रथम कळली ती अशी. त्या काळच्या काशीतील पंडितवर्गात दक्षिणी ब्राह्मणांचे मोठे वजन होते. शहाजहानकडून काशी-प्रयागच्या यात्रेकरूंवरील कर माफ करून घेणारे आणि दाराच्या वर्तुळात वावरणारे कवींद्राचार्य सरस्वती मूळचे गोदातीरीचे. मराठी वाचकाला दाराशी नाते जोडावयाचे असेल, तर ते जोडण्याची जागा ही आहे. व्यासपीठांवरून दाराचा जयजयकार करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या ग्रंथाचे एक पान उघडले असेल, हा प्रश्न विचारणे कदाचित असभ्यपणाचे ठरेल.

दंतकथा औरंगजेबाच्या कबरीलाही चिकटल्या आहेत. ३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरला तो मेला आणि खुलताबादेत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली त्याला पुरले. टोप्या शिवून मिळविलेल्या चौदा रुपये बारा आण्यांत आपले दफन व्हावे, अशी त्याची इच्छा होती ही गोष्ट तेथे येणाऱ्या प्रत्येकाला ऐकविली जाते. पंचवीस वर्षे दख्खनची राखरांगोळी करणाऱ्या लढाईचा हिशेब त्या चौदा रुपयांत मावत नाही, हे ऐकणाऱ्याने स्वतःच ताडावयाचे. एका कबरीवर वैराग्याची कथा चढविली गेली, दुसरीवर हौतात्म्याची. खुलताबादची कबर केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हुमायूनच्या मकबऱ्यातील थडगेही त्याच खात्याच्या ताब्यात आहे. एक राखताना लोकक्षोभाला आणि दुसरे ठरविताना लोकप्रियतेला बळी पडावयाचे नाही, अशी दुहेरी कसोटी या एकाच खात्याची लागणार आहे.

तेव्हा करावयाचे काय? समितीपुढे आलेली टिपणे, दालनांची मोजमापे, छायाचित्रे आणि सदस्यांची अनुकूल-प्रतिकूल मते, सारे एकत्र छापून कोणाही प्राध्यापकाला वा विद्यार्थ्याला तपासता येईल असे करावे. ‘आलमगीरनाम्या’तील मूळ फारसी मजकूर आणि त्याचा देशी भाषांतील अनुवाद शेजारी द्यावा. आणि फलक लावावयाचाच असेल, तर तो थडग्याच्या उशाशी न लावता दालनाच्या दाराशी लावावा. शहाजहानचा पुत्र दारा शुकोह याला १६५९ साली या इमारतीत, मुराद व दानियाल यांच्याजवळ पुरल्याचे समकालीन ग्रंथ सांगतो. या दालनातील तीन थडग्यांपैकी एक त्याचे असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे, एवढा मजकूर त्याच्यावर पुरे होईल. त्यातला ‘असावे’ हा शब्द खोडण्याची घाई कोणी करू नये.